डांबरी रस्त्याला गुण कसे द्यावेत

गाडीतून बघून रस्ता 'बरा' की 'वाईट' एवढा शेरा मारता येतो, गुण देता येत नाहीत. ताशी ५० किलोमीटरला खड्डा जाणवतो, चाकोरीही जाणवते. पण चाकांच्या पट्ट्यात नुकत्या उमटलेल्या केसाएवढ्या समांतर भेगा काचेतून दिसत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात रस्ता कुठे फुटणार हे त्या भेगाच सांगतात. त्यामुळे गुण द्यायचे तर खाली उतरून चालावं लागतं.

गुणांकनाच्या पद्धती अनेक आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी १ ते ५ अशी सोपी श्रेणी वापरतात. त्यात आरामात किती वेगाने गाडी नेता येते हेही बघतात: ताशी ४० किलोमीटरच्या वर असेल तर ५, १० च्या खाली असेल तर १. तालुक्यातले शंभर रस्ते चाळून काढायला ती ठीक आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी ८२ या संहितेत, २०१५ च्या आवृत्तीत, दोषांच्या टक्क्यांवरून 'चांगला, मध्यम, वाईट' ठरवायचा तक्ता आहे. हमरस्त्यावर भेगांचं क्षेत्र ५ टक्क्यांच्या आत असेल तर चांगला, १० च्या वर गेलं तर वाईट. जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्त्यांना हीच हद्द १० आणि २० टक्के. हमरस्त्यावरच्या चाकोरीला ५ आणि १० मिलिमीटर.

इथे घेतली आहे ती पेव्हमेंट कंडिशन इंडेक्स, म्हणजे पीसीआयची पद्धत. ती अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने तयार केली आणि आज ती एएसटीएम या अमेरिकी मानक-संस्थेच्या डी ६४३३ या मानकात आहे. १०० पासून सुरुवात करायची आणि प्रत्येक दोषामागे गुण कापत जायचे. मेहनत जास्त आहे, पण एकच रस्ता दोन माणसांनी स्वतंत्रपणे बघितला तरी गुण जवळपास जुळतात. शिवाय गुण कुठे गेले हे कागदावर राहतं, आणि दुरुस्ती ठरवताना नेमकं तेच लागतं.

कधी जायचं, काय न्यायचं

महाराष्ट्रात पाहणीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पावसाने जे करायचं ते करून झालेलं असतं आणि खड्डे भरायची मोहीम अजून जोरात नसते. ठिगळं मारून झाल्यावर गेलात तर गुण फुगतात. चार महिन्यांनी ती ठिगळं उखडली की तुमचं रजिस्टर खोटं ठरतं. डांबर वर येण्याचा दोष मात्र एप्रिल-मेच्या दुपारीच दिसतो, त्यासाठी एक फेरी वेगळी ठेवा.

दिवसातली वेळ सकाळची. ऊन तिरपं असताना उंचवटे आणि खळगे सावलीने उठून दिसतात. भर दुपारी सगळा रस्ता सपाट भासतो. एखादी सर पडून गेली असेल तर सोन्याहून पिवळं: पृष्ठभाग वाळतो, भेगांत पाणी राहतं, आणि एरवी नजरेतून सुटणाऱ्या भेगा काळ्या रेघांसारख्या उमटतात. पाणी साचतं ती जागाही आयतीच कळते.

सामान असं: मोजायचं चाक, ३ मीटरची सरळ पट्टी (ॲल्युमिनियमची, मध्ये वाकलेली नाही ना हे आधी दोरी ताणून तपासलेली), मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची फूटपट्टी, खडू, कुंचा, छापील तक्ते, कॅमेरा. कुंचा विसरू नका. धूळ आणि कच भरलेली भेग झाडल्याशिवाय तिची रुंदी कळत नाही. तीन माणसं हवीत: एक मोजणारा, एक लिहिणारा आणि एक केवळ वाहनांकडे बघणारा, लाल झेंडी घेऊन. तिसऱ्या माणसाला मोजमापात ओढू नका.

रस्त्याचे तुकडे

आधी रस्त्याचे विभाग पाडा. डांबरीकरणाचं वर्ष, थरांची रचना किंवा रहदारी बदलली की विभाग बदलतो. साखर कारखान्याच्या वाटेवर तर एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन विभाग धराव्यात. भरलेल्या ट्रॉल्या एका बाजूने जातात, रिकाम्या दुसऱ्या बाजूने परततात. दोन्हींची सरासरी काढली तर ती कोणत्याच बाजूची नसते.

मग विभागाचे नमुना-तुकडे करा. एक तुकडा साधारण २२५ चौरस मीटरचा, ९० इकडे-तिकडे चालतात. आपल्याकडच्या रुंद्यांना हे छान बसतं: ३.७५ मीटरच्या एकेरी रस्त्यावर ६० मीटर लांबी, ५.५ मीटरला ४० मीटर, ७ मीटरच्या दुपदरीला ३२ मीटर. प्रत्येक तुकड्याचा साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहा आणि सुरुवातीला रस्त्याच्या कडेला रंगाची खूण करा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागी उभं राहता येईल.

१.८ किलोमीटरच्या एकेरी रस्त्याचे ३० तुकडे होतात. सगळे मोजायची गरज नाही. किती मोजायचे याचं सूत्र असं: तुकड्यांची संख्या गुणिले प्रमाण विचलनाचा वर्ग, भागिले अपेक्षित चुकीच्या वर्गाचा चौथा हिस्सा गुणिले एक कमी तुकडे अधिक विचलनाचा वर्ग. डांबरी रस्त्यासाठी विचलन, म्हणजे तुकड्यांचे गुण सरासरीभोवती किती विखुरतात ते, सुरुवातीला १० धरतात आणि चूक ५ गुणांची. म्हणजे ३००० भागिले २८१.२५, उत्तर १०.६७, अकरा तुकडे. आता ३० भागिले ११ म्हणजे २.७, खाली उतरवून २. पहिल्या दोनांतला एक चिठ्ठी टाकून निवडा आणि तिथून एकाआड एक तुकडा मोजत शेवटपर्यंत जा. पंधरा होतील; जास्त झाले तर बिघडत नाही. चिठ्ठीचा कंटाळा करू नका. नजरेने निवडायला गेलं की माणूस हमखास वाईट तुकड्यापाशी थांबतो, किंवा सावलीच्या.

एखादी जागा अगदीच वेगळी असेल, मोरीजवळ खचलेली, पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेली, तर ती 'जादा तुकडा' म्हणून स्वतंत्र मोजा. सरासरीत ती तिच्या क्षेत्रफळाएवढीच येते. समजा पंधरा तुकड्यांची सरासरी ६४ आणि खचलेल्या एका तुकड्याला १२ गुण. ६४ गुणिले २९, अधिक १२, भागिले ३०: विभागाचे गुण ६२. तोच तुकडा इतरांत मिसळून सोळांची सरासरी काढलीत तर ६१ येतात. इथे फरक थोडा दिसतो; असे तीन-चार जादा तुकडे असले की श्रेणीच बदलते.

दोष ओळखणं

पीसीआयचं सगळं यश इथे आहे. प्रत्येक दोषाची तीन अंगं लिहायची: नाव, तीव्रता (सौम्य, मध्यम, तीव्र) आणि प्रमाण. नाव चुकलं तर पुढची गणितं कितीही काटेकोर करा, उपयोग शून्य.

सर्वांत जास्त गुण खाणाऱ्या दोषांपैकी एक म्हणजे जाळीच्या भेगा, अभियंत्यांच्या बोलीत ॲलिगेटर क्रॅक. वारंवार भार येऊन थर थकतो, त्याच्या तळाशी ताण येऊन भेग पडते आणि ती वर चढते. म्हणून ती चाकांच्या पट्ट्यातच सापडते. सुरुवातीला एकमेकींना समांतर बारीक रेघा, हे सौम्य. रेघा जोडल्या जाऊन जाळी तयार झाली, कडा थोड्या झिजल्या, मध्यम. तुकडे सुटे झाले, कडा ढासळल्या, ट्रक गेला की तुकडा हलतो, तीव्र. मोजमाप चौरस मीटरमध्ये. एकाच पट्ट्यात वेगवेगळ्या तीव्रता सरमिसळ असतील आणि वेगळ्या करता येत नसतील तर सगळं क्षेत्र त्यातल्या सर्वांत वाईट तीव्रतेत धरा.

हिच्याशी गल्लत होते ती चौकटीच्या भेगांची. डांबर वर्षानुवर्षं उन्हात कडक होतं, आकसतं, आणि रस्ता फरशीसारख्या चौकोनांत फाटतो. ओळखायच्या खुणा दोन. एक, आकार: जाळीचा तुकडा सहसा अर्ध्या मीटरपेक्षा लहान आणि वेडावाकडा, कोपरे टोकदार, चौकट ०.३ मीटरपासून ३ मीटरपर्यंत, बऱ्यापैकी काटकोनी. दोन, जागा: चौकटी जिथे चाक कधीच जात नाही तिथेही असतात. रस्त्याच्या मधोमध आणि थेट कडेला जाऊन बघा, दोन मिनिटांत निकाल लागतो. या दोन नावांची अदलाबदल झाली तर वजावट चुकते आणि दुरुस्तीही चुकते. जाळी म्हणजे रस्त्याची ताकद संपत आली. चौकट म्हणजे डांबर म्हातारं झालं, खालचा रस्ता शाबूत असू शकतो.

लांबीच्या आणि आडव्या सुट्या भेगा मीटरमध्ये मोजतात. न भरलेली भेग १० मिलिमीटरच्या आत सौम्य, ७५ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. भेगेभोवती बारीक भेगांचं जाळं असेल तर रुंदी कमी असली तरी तीव्रता एक पायरी वर जाते. काळ्या मातीच्या पट्ट्यात, मराठवाडा-विदर्भात, उन्हाळ्यात माती आकसते आणि कडेपासून थोड्या आत लांबच लांब भेग पडते. ती कडेच्या अर्ध्या मीटरच्या आत असेल तर 'कडेची भेग' म्हणून लिहा, त्याहून मधल्या बाजूला असेल तर लांबीची भेग.

चाकोरी मोजायची रीत नीट पाळा. सरळ पट्टी रस्त्याला आडवी, चाकाच्या पट्ट्यावर अशी ठेवा की तिची दोन्ही टोकं चाकोरीच्या दोन काठांवर टेकतील. मध्ये फूटपट्टी उभी करून पट्टीच्या खालच्या कडेपासून सर्वांत खोल जागेपर्यंतचं अंतर घ्या. फूटपट्टी तिरकी पडली तर खोली जास्त दिसते. चाकोरीच्या लांबीत ठरावीक अंतरांवर मापं घेऊन सरासरी काढा: ६ ते १३ मिलिमीटर सौम्य, २५ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. काठाकडेही बघा. चाकोरीच्या बाजूला डांबर फुगून वर आलं असेल तर दोष बहुधा वरच्या मिश्रणात आहे: डांबर जास्त, किंवा खडी-कच यांचं प्रमाण बिघडलेलं. फुगवटा नाही, चाकोरी रुंद आणि पसरट आहे, तर खालचे थर किंवा माती दबली आहे. तक्त्यात ही नोंद मागितलेली नसते; शेऱ्याच्या रकान्यात लिहा. चाकोरीतच जाळीही असेल तर दोन्ही दोष स्वतंत्र लिहायचे.

खड्ड्यांची संख्या मोजतात, पण तीव्रता व्यास आणि खोली दोन्हींवर ठरते. २५ मिलिमीटरपर्यंत खोल आणि ४५० मिलिमीटरच्या आतला खड्डा सौम्य. ५० मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर तो कितीही लहान असला तरी किमान मध्यम, आणि ४५० च्या वर व्यास गेला की तीव्र. ७५० मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्ड्याचं क्षेत्रफळ काढून ०.५ ने भागा. जी संख्या येईल तेवढे खड्डे धरा. आपल्या रस्त्यांवर हा नियम वरचेवर लागतो.

ठिगळ कितीही सुबक असलं तरी दोषच; चौरस मीटरमध्ये लिहा. ठिगळाच्या आतल्या भेगा वेगळ्या धरायच्या नाहीत, त्यांनी ठिगळाची तीव्रता ठरते. खडी सुटणं, डांबराचा मुलामा झिजणं, खचणं, पुढे ढकलून वळ्या पडणं हेही क्षेत्रफळात. वर आलेल्या डांबराची तीव्रता ठरवायला चप्पल पुरे: वर्षातले थोडेच दिवस ओलसर चकाकी दिसते पण चिकटत नाही, सौम्य, थोडे आठवडे तळव्याला चिकटतं, मध्यम, अनेक आठवडे चिकटतं, तीव्र.

साईडपट्टी बहुतेक जण बघतच नाहीत. डांबराच्या कडेपासून साईडपट्टी २५ ते ५० मिलिमीटर खाली असेल तर सौम्य, १०० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. कडेला आधार नसला की प्रत्येक चाकाखाली डांबराचा काठ मोडतो. उलट साईडपट्टी डांबरापेक्षा उंच असेल तर या पद्धतीत गुण कापायला जागा नाही, पण शेऱ्यात ठळक लिहा. मुरूम टाकून उंच केलेली साईडपट्टी पाणी रस्त्यावरच अडवते, आणि डांबराचा पाण्याइतका वैरी दुसरा नाही. कोकणात जांभ्याच्या कटिंगमधून पावसाळ्यानंतरही पाझर चालू असतो, तिथे गटार तुंबलेलं असेल तर तेही टिपून घ्या.

एक छोटी तपासणी तक्त्याबाहेरची आहे, पण करावीच. सुटलेला डांबराचा एक तुकडा उचलून उलटा करा. खालची खडी काळी असेल तर डांबर धरून आहे. खडी धुतल्यासारखी, तिच्या मूळ रंगाची दिसत असेल तर पाणी आत शिरून डांबर खडीपासून सुटलं आहे. अशा थरावर नवा थर चढवला तर तोही सुटणार.

गुणांचा हिशेब

तुकड्यातल्या प्रत्येक दोषाची, तीव्रतेनुसार वेगळी, बेरीज करा आणि तुकड्याच्या क्षेत्रफळाने भागून टक्के काढा. २२५ चौरस मीटरच्या तुकड्यात मध्यम जाळी १८ चौरस मीटर असेल तर ८ टक्के. मध्यम कडेची भेग २४ मीटर, १०.७ टक्के. सौम्य खड्डे तीन, १.३ टक्के. मीटर भागिले चौरस मीटर हे बघून अवघडायला होतं, पण मानकातले आलेख तसेच आखले आहेत.

त्या आलेखांवरून प्रत्येक दोषाची वजावट वाचा. ती टक्क्यांच्या पटीत वाढत नाही. पहिला एक टक्का जाळी जेवढे गुण खाते तेवढे तिसाव्याचा एकतिसावा झाला म्हणून जात नाहीत. म्हणून लहानशी जाळी 'एवढ्याने काय होतं' म्हणून सोडून देणं सर्वांत महाग पडतं.

समजा वजावटी अशा आल्या: जाळी ४४, खड्डे २८, चाकोरी १९, कडेची भेग १२, झीज ७. सगळ्यांची सरळ बेरीज ११० होते, म्हणजे रस्ता शून्याच्याही खाली. तसं होऊ नये म्हणून दुरुस्ती करतात. आधी किती वजावटी धरायच्या ते ठरवा: १०० मधून सर्वांत मोठी वजावट वजा करा, ९ ने गुणून ९८ ने भागा, १ मिळवा. इथे ६.१४ येतात, आपल्याकडे पाचच आहेत, म्हणून पाचही घ्या. २ पेक्षा मोठ्या वजावटी पाच आणि बेरीज ११०. दुरुस्तीच्या आलेखात पाचच्या रेषेवरून आकडा वाचा. मग २ पेक्षा मोठ्या वजावटींतल्या सर्वांत लहान वजावटीच्या जागी २ ठेवा: बेरीज १०५, रेषा चारची. पुन्हा: ९५, तीनची. ७८, दोनची. ५२, एकची, एकच्या रेषेवर आकडा बदलत नाही, ५२ च राहतात. या पाच उत्तरांतलं सर्वांत मोठं १०० मधून वजा करायचं. ते ५८ आलं असेल तर गुण ४२. नवखे पहिल्या आकड्यावरच थांबतात. बरेचदा सर्वांत मोठा आकडा मधल्या पायरीवर सापडतो.

८५ च्या वर उत्तम, ७० पर्यंत समाधानकारक, ५५ पर्यंत मध्यम, ४० पर्यंत वाईट, २५ पर्यंत फार वाईट, १० पर्यंत गंभीर, त्याखाली रस्ता गेलेला.

गुण कुठे गेले

आता ४२ या आकड्याकडे परत बघा. ११० पैकी जाळी, खड्डे, चाकोरी आणि कडेची भेग यांचे १०३ आहेत. हे सगळे भाराचे दोष; म्हणजे रस्ता त्याच्यावरून जाणाऱ्या वजनाला पुरत नाही. इथे नुसतं कारपेट किंवा सीलकोट, म्हणजे वरून पातळ डांबरी थर, करणं म्हणजे भेगा झाकणं. दुसऱ्या एखाद्या रस्त्याला ४२ च मिळाले असतील पण ते चौकटीच्या भेगा, झीज आणि सुटलेली खडी यांत गेले असतील, तर तिथे भेगा भरून एक पातळ थर बहुधा भागवून नेतो. गुण सारखे, खर्चात मात्र मोठी तफावत. म्हणून अहवालात नुसते गुण कधीच देऊ नका. शेजारी भाराच्या दोषांचा वाटा टक्क्यांत लिहा.

भाराचा वाटा मोठा निघाला की पुढची पायरी रस्त्याची लवण, म्हणजे भाराखाली तो किती लवतो ते, मोजण्याची. बेंकलमन बीम अजूनही वापरात आहे: मागच्या आसावर ८१७० किलो भार असलेला ट्रक, चाकांच्या जोडीमध्ये बीमचं टोक, आणि ट्रक पुढे सरकल्यावर रस्ता किती उसळी घेतो ते डायलवर. वाचन ३५ अंश तापमानाला आणून ठेवतात, म्हणून डांबरात भोक पाडून तापमान घेणं टाळू नका. हीच मोजणी फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरने, वजन पाडून लवण मोजणाऱ्या यंत्राने, जलद होते. तिची संहिता आयआरसी ११५. रस्ता किती हादरवतो हे मात्र बंप इंटिग्रेटर सांगतो, ताशी ३२ किलोमीटरला ओढून. बिटुमिनस काँक्रीटच्या (दाट डांबरी मिश्रणाच्या) पृष्ठभागावर चढउतारांची बेरीज किलोमीटरला २००० मिलिमीटरच्या आत चांगलं, ३००० च्या वर वाईट. हादरे कमी म्हणजे रस्ता मजबूत असं मानू नका. सौम्य जाळीवरून गाडी अगदी गुळगुळीत जाते.

पाहणी सुरू करायच्या दिवशी सगळ्या पथकांना एकच तुकडा स्वतंत्रपणे मोजायला लावा. उत्तरांत पाचपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर तक्ते शेजारी ठेवून कोणत्या दोषाच्या नावावर किंवा तीव्रतेवर फाटलं ते शोधा, त्या जागी परत जा आणि खडूने आखून एकमत करा. हे न करता गोळा केलेले आकडे पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडता येत नाहीत. दोषदायित्व कालावधीतल्या (ठेकेदारावर दोष दुरुस्तीची जबाबदारी असते त्या मुदतीतल्या) रस्त्यावर प्रत्येक दोषाचा फोटो फूटपट्टी आणि साखळी क्रमांकाची पाटी ठेवून काढा, एक जवळून आणि एक दहा पावलं मागून. नुसता जवळचा फोटो कुठल्याही रस्त्याचा असू शकतो, आणि ठेकेदाराचा माणूस पहिलं तेच म्हणतो.